गोदामाच्या दारात उभी गाडी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात रामनगर, तालुका जोयडा येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी शिक्षकाने शिक्षणावर बोलावे अशी आपली अपेक्षा असणार, आणि कार्यवाहांनी मला तसे सुचविलेही होते. परंतु आज मी विषय निराळा निवडला आहे. आपल्या सभासदांपैकी कितीतरी घरांची चूल लॉरीच्या चाकावर पेटते. कोणी गाडीचा मालक आहे, कोणी चालक, कोणी क्लीनर, कोणी हमाल, तर कोणाचे दुकान किंवा गोदाम आहे. या सर्वांची गाठ एका जागी पडते, आणि ती जागा म्हणजे गोदामाचे दार. तेथे गाडी तासन् तास उभी राहते, कित्येकदा रात्र काढते. त्या उभे राहण्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. तो ठेवला जावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

थांबणे आपल्या तालुक्याला नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोरमुगावहून रेल्वे घाट चढून कॅसलरॉकला आली. इकडे इंग्रजांची हद्द, तिकडे पोर्तुगीजांची. कस्टमची तपासणी होईपर्यंत माल आणि माणूस दोन्ही तिष्ठत बसत. 1955 साली नाकेबंदीमुळे ती वाहतूकच तुटली, आणि 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाल्यावर वाट मोकळी झाली. पुढे सरहद्दीवर कराचे नाके होतेच. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि राज्याराज्यांचे ते कर-नाके उठले. अबकारी, वन आणि पोलीस यांची तपासणी राहिली, ती गोष्ट वेगळी. तरीही रस्त्यावरचे थांबणे पुष्कळ कमी झाले हे कबूल केले पाहिजे. परंतु रस्त्यावर वाचलेला वेळ चालकाच्या पदरात पडला नाही. तो गोदामाच्या दारात जाऊन बसला.

हे रामनगर मुळात सुपा धरणाखाली गेलेल्या गावांतून उठून आलेल्या लोकांनी वसविले, हे वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. जमीन पाण्यात गेली आणि बेळगाव-गोवा हमरस्ता दाराशी आला. पुष्कळांच्या मुलांनी नांगराऐवजी स्टिअरिंग धरले. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचा आहे.

आता थोडे गणित करू. शिक्षकाला तेवढी सवलत असावी. समजा, एका लॉरीत सोळा टन तांदूळ आहे. पन्नास किलोचे एक पोते धरले तर झाली 320 पोती. खाली करावयास चार हमाल लावले आणि प्रत्येकाला गाडीपासून थप्पीपर्यंत जाऊन येण्यास दोन मिनिटे लागली, तर मिनिटाला दोन पोती उतरतात. म्हणजे 160 मिनिटे, दोन तास चाळीस मिनिटे. मध्ये पाणी, विडी, चहा धरा. चार तासांत गाडी रिकामी व्हावयास हरकत नाही. मग सकाळी सहाला लागलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी का सुटते?

कारण काम चार तासांचे असले तरी वाट पाहणे त्याच्या कितीतरी पट असते. आधी फाटकावरचा पहारेकरी पावती घेऊन आत जातो तो तासाभराने येतो. मग वजनकाट्यापुढे रांग. काट्यावरून सुटला की आत जागा नाही, कारण कालचा माल अजून हलविलेला नाही. जागा झाली तर हमालांची टोळी दुसऱ्या गाडीवर गुंतलेली. टोळी मोकळी झाली तर गोदामबाबू जेवावयास गेलेले. बाबू आले तर बिलावरचा आकडा आणि पोत्यांची मोजणी जुळत नाही, म्हणून मालकाला फोन. आणि एवढ्यात मागून आलेली ओळखीच्या ट्रान्सपोर्टची गाडी पुढे लावली जाते. सगळे उरकले तरी पोच हातात पडावयाची असते. पोचेशिवाय भाडे नाही, म्हणून रिकामी गाडीसुद्धा उभीच.

यात चालकाने करावयाचे असे काय आहे? काही नाही, आणि तरी त्याने जागेवरून हलावयाचे नाही. रांग पुढे सरकली आणि गाडी सरकली नाही तर नंबर गेला. झोपावे तर कोणी हॉर्न देतो. संडासाची सोय बहुतेक ठिकाणी नसते. पिण्याचे पाणी मागावे लागते. रमजानमध्ये रांगेतच केबिनमध्ये बसून रोजा सोडणारे आपले किती भाऊ असतील, ते त्यांच्या घरच्या भगिनींना विचारा.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण चालकांच्या तोंडून मी नेहमी हमालांवरच राग ऐकतो. हमाल मुद्दाम सावकाश करतात, वर चहापाण्याला मागतात, अशी तक्रार असते. काही ठिकाणी ती खरीही असेल. परंतु हमाल रोजावर नसून पोत्यावर कमावतो. गाडी लागली नाही की त्याचीही मजुरी बुडते. सिमेंटचे पोते पन्नास किलोचे, आणि ते पाठीवर घेणाऱ्या माणसाला घाई करावयास सांगणारे आपण कोण? पूर्वी धान्याची पोती शंभर किलोची असत. ते ओझे कमी व्हावे, हमालाला नोंद, रजा आणि म्हातारपणची सोय मिळावी, म्हणून मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी आयुष्य वेचले. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कायदा झाला तो अशा खटपटीतून. हमाली कोणी द्यावयाची यावरून चालक आणि हमाल भांडतात, आणि ज्याचा माल तो पंख्याखाली बसून असतो. ज्याचा माल त्याचा हमाल, असे वाहतूकदार म्हणतात ते न्यायाचेच आहे.

मग दोष कोणाचा? मी एका व्यक्तीकडे बोट दाखवीत नाही. मी फक्त एवढे पाहतो की, ज्याच्यामुळे गाडी थांबते त्याला त्या थांबण्याची झळ लागत नाही. याचा पुरावा आपल्या रस्त्यावर रोज दिसतो. बेळगावची भाजी गोव्याला जाते. भाजीची गाडी बाजारात लागली की हमाल धावत येतात, दिवा लावून पहाटेच्या अंधारात माल उतरतो, आणि उजाडावयाच्या आत गाडी मोकळी होते. दुधाचेही तसेच. तेथले हमाल काही निराळ्या मातीचे नाहीत. टोमॅटो सडला तर नुकसान व्यापाऱ्याचे होते, एवढाच फरक. सिमेंट, कागद, फरशी आणि तांदूळ सडत नाहीत, म्हणून त्यांच्या गाडीवरचा माणूस सडतो.

रेल्वेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. मालडबा भरावयास वा रिकामा करावयास ठराविक तास मोकळे मिळतात. त्यापुढे डबा अडकवून ठेवला तर तासावर आकार पडतो, त्याला डेमरेज म्हणतात. जहाजालाही तोच नियम. त्यामुळे रेल्वेचा माल आला की व्यापारी रात्री उठून माणसे गोळा करतो. लॉरीच्या बाबतीत काही करारांत हॉल्टिंगचा दर लिहिलेला असतो, पण तो मागावयाचा कसा? गाडी केव्हा आली याची लेखी नोंद चालकाजवळ नसते. आणि हॉल्टिंग मिळालेच तर ते मालकाला मिळते. चालकाचा भत्ता फेरीवर. महिन्यात आठ फेऱ्यांच्या सहा झाल्या की घरी जाणारे पैसे तेवढे कमी. मालकालाही सुख नाही, कारण बँकेचा हप्ता गाडी उभी आहे म्हणून थांबत नाही.

उलट मालाच्या कागदाला मात्र घड्याळ आहे. 1 एप्रिल 2018 पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झाले. आधी शंभर किलोमीटरला एक दिवस अशी मुदत होती. 1 जानेवारी 2021 पासून दोनशे किलोमीटरला एक दिवस झाली. मुदत वाढवून घेता येते, परंतु ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत, आणि तेही कार्यालयातून. रस्त्यात गाडी अडविली तर समोर चालकच असतो. कायद्याने किलोमीटर मोजले, पण फाटकापुढचे तास मोजले नाहीत.

मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 साली कायदा झाला. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस, असे काम त्याने ठरवून दिले. आता तो कायदा 2020 च्या नव्या संहितेत सामावला आहे. परंतु त्या जुन्या कायद्यातली कामाच्या तासांची व्याख्या वाचून मी चकित झालो. मुक्कामाच्या जागी नुसते हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच तो कामात धरावा, असे त्यात होते. म्हणजे दहा मिनिटे थांबलात तर ते काम, आणि दहा तास थांबलात तर ती विश्रांती! अशी विश्रांती कायदा लिहिणाऱ्याने एकदा मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये घेऊन पाहावयास हवी होती.

हे सारे पैशापुरते असते तर मी आज येथे उभा राहिलो नसतो. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी 2018 साली एक अहवाल दिला. माल चढविण्या-उतरविण्याच्या जागी गाड्या थांबण्याचा सरासरी वेळ पंधरा मिनिटांनी वाढला, तर अपघातांचे प्रमाण 6.2 टक्क्यांनी वाढेल असा त्यात अंदाज आहे. केवळ पंधरा मिनिटे! कारण उघड आहे. दारात गेलेला वेळ माणूस रस्त्यावर भरून काढावयास बघतो.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. नाव सांगत नाही, त्याची आई या सभागृहात बसली आहे. तो माल घेऊन गोव्याकडे गेला. पहाटे पोचला, आणि गाडी खाली झाली दुसऱ्या दिवशी रात्री. मधल्या वेळात झोप झाली ती तुकड्यातुकड्यांनी. परतीचा माल तयार होता, फोनवर फोन येत होते. तो निघाला. मोले सोडून घाट चढताना त्याचा डोळा लागला. गाडी डोंगराकडच्या गटारात गेली म्हणून बरे, दुसऱ्या बाजूला दरी होती. क्लीनर पोरगा एकोणीस वर्षांचा, त्याचा पाय मोडला. आपल्या ट्रस्टच्या वैद्यकीय निधीतून त्याला मदत झाली हे सभासदांना ठाऊक आहे. मी भेटावयास गेलो तेव्हा तो पोरगा म्हणाला, "सर, उस्तादला काही बोलू नका. उस्ताद दोन दिवस झोपलेच नव्हते." पोलिसांच्या कागदावर मात्र चालकाचा निष्काळजीपणा एवढेच लिहिले गेले. गोदामाच्या दारातले चाळीस तास त्या कागदावर आले नाहीत, कारण ते कोणत्याच कागदावर नव्हते.

म्हणून माझी मागणी लहान आहे. मोर्चा नको, नवा कायदा येईपर्यंत थांबावयास नको. गाडी दाराशी आली की आल्याची वेळ, आणि सुटली की सुटल्याची वेळ, लॉरी रिसीटवर लिहून गोदामाचा शिक्का घ्यावा. वेळ लिहावयास पैसा पडत नाही. ज्यांची गोदामे आहेत अशा आपल्या सभासदांनी हे आपल्या दारापासून सुरू करावे. आल्या क्रमाने टोकन द्यावे आणि ते मोडू नये. फाटकापाशी पाण्याचा नळ, एक संडास आणि चार पत्र्यांची सावली, यांचा खर्च एका लग्नाच्या मांडवापेक्षा कमी येतो. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी करार करताना मोकळे तास किती आणि पुढचा दर काय हे लिहून घ्यावे, आणि हॉल्टिंगचा वाटा चालकाला द्यावा. ही शेवटची गोष्ट काही मालकमंडळींना रुचणार नाही, हे समोरच्या रांगेतील चेहऱ्यांवरून मला दिसते आहे. तरी सांगितले.

आपल्या ट्रस्टकडेही दर जूनमध्ये वह्यांची गाडी येते, रमजानमध्ये शिध्याची येते. त्या दोन गाड्यांपासून आरंभ करता येईल. मी एका चिठ्ठीचा नमुना केला आहे. गाडीचा नंबर, आल्याची वेळ, खाली करण्यास सुरुवात केल्याची वेळ, सुटल्याची वेळ आणि सही, एवढेच त्यावर आहे. मजकूर कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत आहे. शंभर प्रती कार्यवाहांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. चालक बंधूंनी जाताना पाच-पाच घ्याव्यात. भरून परत आल्यावर त्या शाळेत माझ्याकडे द्याव्यात. बेरीज मी आणि दहावीची मुले करू, आणि पुढच्या वार्षिक सभेत ती आपल्यापुढे ठेवू.