अंदमानचा वायू : आशा आणि कसोटी



देशाला लागणारा सुमारे निम्मा नैसर्गिक वायू आयात करावा लागतो. त्यामुळे सप्टेंबर २०२५ मध्ये अंदमानच्या समुद्रात वायू आढळल्याची घोषणा होताच आशा पल्लवित झाल्या. ऑइल इंडियाची ही विहीर पूर्व किनाऱ्यापासून सुमारे १७ किलोमीटरवर, २९५ मीटर खोल पाण्यात आहे. तपासलेल्या वायूत ८७ टक्के मिथेन आढळला.

या प्रदेशात भारतीय भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली सरकतो. त्यातून निर्माण झालेल्या खोलगट भागांत गाळाचे जाड थर साचले. याच पट्ट्यात उत्तरेस म्यानमार व दक्षिणेस सुमात्रा येथे मोठे वायुसाठे मिळाले आहेत.

परंतु वायू आढळणे निराळे आणि किफायतशीर साठा सिद्ध होणे निराळे. चाचणीत वायूची ज्योत अधूनमधूनच पेटली. खडकाची सच्छिद्रता, वरच्या थराची अभेद्यता व साठ्याचा विस्तार आणखी विहिरी खोदल्यावाचून कळत नाही. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल लागले व १९७६ साली उत्पादन सुरू झाले. तेथे पाणी उथळ आणि मुंबई जवळ होती. अंदमानात समुद्र खोल, बाजारपेठ दूर, शिवाय २००४ च्या महाभूकंपाचा हा पट्टा. म्हणून स्वयंपूर्णतेचा हिशेब मांडण्यापूर्वी पुढील विहिरींचे निष्कर्ष पाहणे, हेच राष्ट्रहिताचे ठरेल.