शिलालेखांचे राखणदार

जुन्नर म्हणताच १६३० साली शिवजन्माने पुनीत झालेला शिवनेरी डोळ्यांपुढे उभा राहतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याची नोंद झाली, याचा आपणां सर्वांना अभिमान आहे. परंतु या भूमीचा इतिहास त्याहूनही कितीतरी प्राचीन आहे.

दोन सहस्र वर्षांपूर्वी कोकणातील बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरास येई. त्या समृद्धीतून दान मिळाले आणि येथील डोंगरांत लेणी कोरली गेली. दात्यांमध्ये ‘यवन’ही होते. लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात पुढे गिरिजात्मज गणेश विराजमान झाला.

नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा होत्या. त्या नष्ट झाल्या. पावलांचे काही अवशेष तेवढे उरले. तरीही सिमुक, सातकर्णी, नागनिका हे तेथे होते हे आपण जाणतो, कारण वर ब्राह्मी लिपीत त्यांची नावे कोरलेली आहेत. शेजारच्या भिंतींवरील लेखात यज्ञांचे आणि दक्षिणेचे वर्णन आहे, संख्याचिन्हेही आहेत. अशा अक्षरांवर कोणी स्वतःचे नाव खरवडले, तर पुसलेली ओळ पुन्हा कोठून आणणार?

संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्यास कायद्याने दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पण प्रत्येक कड्यावर पहारेकरी कसा नेमणार? तो पहारा समाजानेच द्यावयाचा आहे. मुलाबाळांसह तेथे जा, ती नावे त्यांना दाखवा, आणि खरवडण्यासाठी उचललेला हात सौजन्याने परंतु निश्चयाने थांबवा.