घरगुती ध्वनियंत्रें आणि विजेचा दाब



महाड-पोलादपूरकडील पुष्कळ घरांतून जुन्या कॅसेटी अजून जपून ठेविलेल्या आहेत. कोणाच्या आजोबांचें भजन, कोणाच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. जुलै २०२१ च्या महापुरांत महाड शहरांत घरोघरीं पाणी शिरलें होतें. तसा प्रसंग पुन्हां येण्यापूर्वीं हे आवाज संगणकांत उतरवून ठेवावे, हें योग्यच. परंतु जीर्ण फीत वारंवार वाजवितां येत नाहीं, आणि उतरवून घेतांना यंत्र घरघरत असेल, तर ती घरघर आजीच्या ओवींत कायमची मिसळते.

ती येते कोठून? तारेंतून २३० व्होल्टचा दाब यावा अशी अपेक्षा असते. पोलादपूरच्या डोंगरांतील एखादी वाडी रोहित्रापासून दूर असली व सायंकाळीं सर्वांचे दिवे-पंखे एकदम लागले, म्हणजे दाब वाटेंतच खर्ची पडून घरीं २१० वर, प्रसंगीं त्याहूनही खालीं येतो. गौरी-गणपतींत चाकरमानी गांवीं आले कीं विचारूंच नये!

यंत्राच्या पोटांत लहान ट्रान्सफॉर्मर असतो व त्यापुढें तीन पायांचा दाब-नियामक, पुष्कळदां ७८१२ क्रमांकाचा. तो १२ व्होल्ट स्थिर देतो. मात्र स्वतःच्या निर्वाहासाठीं त्याला सुमारें २ व्होल्ट वर लागतात. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरावर, तारेंत २३० असतां, डायोडांची कपात व लाटेचा खळगा वजा जातां नियामकापाशीं साडेचौदा उरतात. काम कसेंबसें भागतें. तारेंत २१० झाले कीं उरतात तेरा. मग नियामकाचा ताबा सुटतो, आणि सेकंदास १०० वेळां येणारा तो खळगा तसाच कर्ण्यापर्यंत पोहोंचतो.

सुधारणा म्हणून महागडे नियामक बाजारांत मिळतात. त्यांचे गुण खोटे नाहींत. पण आंत दाबच अपुरा आला, तर महागडा तरी काय करील? म्हणून प्रथम सायंकाळीं, यंत्र वाजत असतां, नियामकाच्या आंतल्या पायावरील दाब मीटरनें मोजावा. मीटर सरासरी दाखवितो. खळगा त्याहून अर्धा व्होल्ट तरी खालीं धरावा. हें काम जाणत्याकडूनच करवावें, कारण त्याच पेटींत २३० व्होल्ट उघडे असतात.

दाब तेराच्या आसपास भरला, तर ७८१२ च्या जागीं एलएम २९४० चा १२ व्होल्टचा नियामक बसवावा. पायांचा क्रम तोच, आणि वर अर्धा व्होल्ट मिळाला तरी त्याचें भागतें. मात्र बाहेरच्या पायालगत २२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर हवाच, नाहीं तर तो स्वतःच कंप पावूं लागतो. तेथें नुसता सिरॅमिक कंडेन्सर चालत नाहीं. दाब याहून खालीं जात असेल, तर १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घालावा. पण तारेंत २५० आले, म्हणजे नियामकावर जवळजवळ १० व्होल्ट पडतात. अर्ध्या अँपिअरला ५ वॅट उष्णता झाली. तिच्यासाठीं ॲल्युमिनियमची चांगली मोठी पट्टी लावावी. ७९१२ या उणे दाबाच्या भावंडाचे पाय निराळ्या क्रमाचे असतात. तेथें घाई करूं नये.

टी.व्ही.चा स्टॅबिलायझर मध्यें घातल्यासही दाब सावरतो, परंतु टप्पा बदलतांना होणारी टकटक कधीं कधीं फितीच्या आवाजांत उतरते.

यांतील कांहींच करावयाचें नसेल, तर फीत पहाटे चारला वाजवावी. त्या वेळीं वाडी निजलेली असते व तारेंत दाब बहुधा पुरेसा असतो.