जनुकावरचा बोजा आणि तोंडातला डाग



पांढरकवडा म्हणजे कापसाचा मुलूख. इथल्या माणसाला सातबारा समजावून सांगावा लागत नाही. जमीन तीच, मालकाचे नाव तेच; पण ‘इतर हक्कां’च्या रकान्यात कर्जाचा बोजा चढला, की व्यवहार अडतो. मूळ नोंदीतले एक अक्षर खोडलेले नसते, तरी काम थांबते.

आपल्या शरीरातही असेच एक दप्तर आहे. प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा बारीक तंतू असतो. आईबापांकडून आलेल्या नोंदी त्यावर चार अक्षरांत लिहिलेल्या असतात. या नोंदी म्हणजेच जनुके. त्या अक्षरांपैकी एकाचे नाव सायटोसिन. त्याच्यावर एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा चिमुकला गट येऊन बसतो. त्याला मिथाइल म्हणतात आणि या बसण्याला मेथिलीकरण. जनुकाच्या सुरुवातीला असे गट दाटीने बसले, की ते जनुक मुके होते.

हे मुळात वाईट नाही बरे का! यकृताच्या पेशीने डोळ्याचे काम करू नये, म्हणून शरीरच ही व्यवस्था ठेवते. बिघडते ते भलत्याच जनुकावर बोजा चढला म्हणजे. पी-सोळा नावाचे एक जनुक आहे. ‘पुरे, आता वाढू नकोस’ असे पेशीला सांगणारा तो जागल्याच समजा. जागल्याचे तोंड बांधले, की पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत सुटतात. कर्करोगाच्या पेशींतले मेथिलीकरण निरोगी पेशींहून वेगळे असते, हे अमेरिकेत फाइनबर्ग आणि व्होगेलस्टाइन यांनी १९८३ मध्ये दाखवले. त्यांना बोजा कमी झालेला दिसला होता. जागल्या जनुकांवर तो वाढतो, हे पुढे कळले.

मग याचा उपयोग काय? रोगट पेशी झडतात. त्यांचे डीएनए थुंकीत, रक्तात, शौचात उतरते. प्रयोगशाळेत ते बायसल्फाइट नावाच्या रसायनातून काढतात. कापड धुतल्यावर कच्चा रंग जातो, पक्का राहतो, तसे काहीसे होते: मिथाइल नसलेले सायटोसिन बदलते, मिथाइल असलेले तसेच राहते. त्यावरून बोजा कुठे आहे ते वाचता येते. डोक्याच्या व मानेच्या भागातील कर्करोगाच्या रुग्णांच्या थुंकीत असे मुके झालेले पी-सोळा सापडल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी या खुणा पाहणाऱ्या चाचण्यांना अमेरिकेत मान्यताही मिळाली, शौचाच्या चाचणीला २०१४ मध्ये आणि रक्ताच्या चाचणीला २०१६ मध्ये.

पण एवढ्यावर हुरळून जाऊ नये. असे शिक्के कर्करोग नसलेल्या, नुसती तंबाखू खाणाऱ्या माणसातही आढळतात; आणि रोग असून शिक्का सापडला नाही, असेही घडते. म्हणून चाचणीत काही दिसले, तरी पुढची तपासणी चुकत नाही.

आता आपल्याकडचे बोलू. विदर्भात खर्रा कुणाला माहीत नाही? सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ती पुडी वरच्या वर्गातल्या पोरांच्या खिशातही निघते. गुरुजनांना हे मी नव्याने सांगायला नको. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, म्हणून गालातली गोळी गेली असे नाही. तंबाखू वगळून नुसती सुपारी खाल्ली तर चालते, ही समजूतही खोटी. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निर्णय २००४ मध्ये छापून आला. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तर कितीतरी आधी निरनिराळ्या समाजांच्या सवयी आणि त्यांचे कर्करोग यांचा ताळा घालून पाहिला होता.

थुंकीवरची चाचणी खेड्यापर्यंत येईल तेव्हा येवो. तोंडाचा कर्करोग मात्र पोटातल्या रोगासारखा लपून बसत नाही. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट सोसवेनासे होणे, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, ही त्याची आगाऊ वर्दी असू शकते. आपलीच तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का, तेही बघावे. जात नसतील तर सुपारीने तोंड आखडू लागले असण्याची शक्यता मोठी.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून शिकवून तयार केलेले कार्यकर्ते घरोघर जाऊन लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासत. २००५ मध्ये हिशेब आला: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. त्यात जनुकाची चाचणी नव्हती; उजेड होता आणि पाहणारा माणूस होता.

चट्टा दिसला तर त्यावर चुना किंवा झाडपाला लावत बसू नये. पांढरकवड्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. तिथून गरजेप्रमाणे यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात जाता येते. तिथे चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, असे पारावर कुणी सांगेल. ते खरे नाही. आणि बापाच्या खर्ऱ्याने त्याच्या गालातल्या पेशींवर चढलेला बोजा मुलाच्या नावावर चढत नाही. मुलगा पुडी उघडतो, तेव्हा त्याचे खाते नव्याने सुरू होते.