कुमारवयीन मुलांची हरवलेली झोप आणि आपले कर्तव्य

(लोंढा येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



श्रींच्या उत्सवानिमित्त आपण सहकुटुंब जमला आहात. अशा मंगल प्रसंगी माझ्यासारख्या एका निवृत्त शिक्षकास चार शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषय थोडा अनपेक्षित वाटेल. देवळात रात्री शेजारती होते. देवाला निजवून मगच आपण गाभाऱ्याचे दार ओढून घेतो. परंतु आपल्याच घरातले तेरा-चौदा वर्षांचे मूल झोपले की तळमळत पडले आहे, हे आपल्यापैकी किती जण पाहतात?

लोंढा हे रेल्वे जंक्शनचे गाव. रात्रपाळी म्हणजे काय, हे येथे कोणास सांगावयास नको. रात्रभर जागलेला माणूस सकाळी चिडतो, विसरतो, चुकतो. म्हणूनच गाडी चालविणाऱ्यास विश्रांतीचे तास नियमाने ठरवून दिलेले असतात. मुलांच्या बाबतीत मात्र आपण असा नियम पाळीत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. शिवाय वयात येताना शरीरातील घड्याळच एक-दोन तास पुढे सरकते. त्यामुळे या मुलांना रात्री लवकर झोप येत नाही. तो सर्वस्वी आळस नव्हे. आणि खानापूर-बेळगावकडे शिकावयास जाणाऱ्यांना तर पहाटेच उठावे लागते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरविण्याचा निर्णय घेतला. मोठ्या मुलांचा प्रश्न शिल्लकच राहिला.

परंतु झोप उडण्याचे आणखी एक कारण असते आणि ते मूल आपण होऊन सांगत नाही. येथे मी माझ्याच एका चुकीची कबुली देतो.

माझ्या वर्गात नववीत एक मुलगा होता. घरची बोली कोंकणी, शिक्षण मराठीतून, राहणे खेड्यात. अभ्यासात बरा, पण दिवाळीनंतर तो वर्गात डुलक्या घेऊ लागला. मी त्याला दोन-तीन वेळा उभे केले, सर्वांसमक्ष "रात्री चोऱ्या करतोस काय रे?" असे विचारले. वर्ग हसला. घरी वडिलांनी मोबाईल काढून घेतला, तरीही फरक पडला नाही. अखेर त्याच्या आजोबांनी एके रात्री त्याला माजघरात बसलेला पाहिला. ते रागावले नाहीत. शेजारी बसले आणि एवढेच म्हणाले, "बाबा, बसमध्ये तुझ्याबरोबर कोण कोण असते रे?" तेव्हा तो रडला. कित्येक महिने वरच्या वर्गातील दोन मुले त्याच्या उच्चारांची नक्कल करीत होती, डबा हिसकावीत होती आणि त्याची फजिती चित्रित करून साऱ्या गटात पाठवीत होती. सकाळ होऊ नये, म्हणून तो रात्र लांबवीत होता. आणि वर्गात त्याला हसू करणारा आणखी एक जण होता. तो मी.

ही एकट्या मुलाची कथा नव्हे. २०१६ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक मुलांविषयीची पाहणी एकत्र करून पाहिली. सोबत्यांकडून छळ सोसणाऱ्या मुलांत निद्रेच्या तक्रारी इतरांच्या सुमारे दुप्पट आढळल्या. कारण उघड आहे. ज्याला भय आहे, त्याचे शरीर पहाऱ्यावर असते, आणि पहारेकरी झोपत नाही. झोप न झालेले मूल मग लवकर चिडते, रडते. छेडणाऱ्यांना तेच हवे असते. असे हे चक्र फिरत राहते. पूर्वी घरी आल्यावर तरी सुटका होती. आता मोबाईलमधून ती टवाळी अंथरुणापर्यंत येते.

यावर उपाय नाही असे नाही. नॉर्वेमध्ये १९८२ च्या अखेरीस छळाला कंटाळून तीन मुलांनी जीव दिला. तेव्हा १९८३ साली सरकारने देशभरच्या शाळांत मोहीम हाती घेतली. डॅन ओल्व्यूस या मानसशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली बर्गन येथील शाळांत वर्गाचे स्पष्ट नियम, मधल्या सुट्टीतील देखरेख आणि दोन्ही बाजूंच्या पालकांशी बोलणी असे साधे उपाय योजले गेले. दोन वर्षांत छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. मोठी माणसे जागी असली की लहानांना निर्धास्त झोपता येते, हाच त्याचा अर्थ.

आपणही एवढे करू शकतो. मूल रात्री जागत असेल, सकाळी पोट दुखते म्हणत असेल, वस्तू हरवून येत असेल, तर प्रथम त्याच्याजवळ बसावे. "तूही दोन ठेवून दे" हा सल्ला देऊ नये. तेवढे बळ असते तर तो जागलाच नसता. घडलेल्या गोष्टी तारीखवार लिहून ठेवाव्यात, आलेले संदेश पुसू नयेत आणि मुख्याध्यापकांना शांतपणे भेटावे. रात्री घरातील सर्वांचे मोबाईल, वडिलांचासुद्धा, बाहेरच्या खोलीत ठेवावेत. झोपेची व उठण्याची वेळ सुट्टीतही फार बदलू नये. एवढ्याने न भागल्यास डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्याला दूर नाही. शासनाची १४४१६ ही दूरध्वनी सेवा आणि मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

आणि कटू वाटले तरी एक गोष्ट सांगतो. छळणारी मुलेही कोणाच्या तरी घरचीच असतात. ती आपल्या घरचीही असू शकतात. आपल्या समारंभांतून मुलांच्या रंगावरून, अंगलटीवरून, गुणांवरून आपण थोरच थट्टा करतो. आपली कुलदैवते गोमंतकात, घरे घाटाच्या या बाजूस. कोंकणी, मराठी, कन्नड असे तीन भाषांचे संस्कार आपल्या मुलांच्या जिभेवर आहेत. ते त्यांचे धन आहे. त्याला हसण्याची सवय मुलांनी आपल्याकडूनच उचलू नये.

त्या मुलाची झोप एका दिवसात परतली नाही. शाळेने त्या दोघांना समज दिली, बसमध्ये त्याला पुढची जागा मिळाली. तरी पूर्ववत होण्यास काही महिने लागले. मी वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. माझ्या नोकरीतील तो सर्वांत अवघड तास होता, आणि तो मी आधीच घ्यावयास हवा होता.

आज रात्री शेजारती आटोपून घरी जाल, तेव्हा मुलांच्या खोलीत क्षणभर डोकवा. जागे असेल तर रागावू नका, जवळ बसा. एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.