शेजारच्या सीटवरचा माणूस



धार-देवासच्या पवार राजांमुळे या मुलखात मराठी मुरली, म्हणून मराठीतच बोलतो. विषय मात्र दीक्षान्त समारंभाला न शोभणारा आहे: रॅलीतली मोटार.

दिल्लीचा गौरव गिल २०१३ साली आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपदाचा विजेता झाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. २०१६ आणि २०१७ मध्येही तोच जिंकला. बातमीत नाव त्याचं. पण २०१३ मध्ये शेजारच्या सीटवर ग्लेन मॅकनील नावाचा ऑस्ट्रेलियन सहचालक वही घेऊन बसलेला असे, आणि मला आज त्या सीटबद्दल बोलायचं आहे.

स्पर्धेआधी रेकी होते. गाडी सावकाश चालवत चालक वळणं सांगतो आणि सहचालक लिहून घेतो: ‘उजवं तीन, पुढे आवळतंय, बाहेरच्या अंगाला दगड.’ स्पर्धेच्या दिवशी सहचालक तेच मोठ्याने वाचतो आणि चालक न दिसणाऱ्या वळणात गाडी घालतो. खरी कसोटी केव्हा वाचायचं यात असते. फार आधी वाचलं तर चालकाच्या डोक्यातून जातं, उशीर झाला तर गाडी दरीत. शिवाय रस्त्यावर ठरावीक ठिकाणी ठरलेल्या मिनिटालाच हजर व्हावं लागतं. उशीर झाला तर मिनिटाला दहा सेकंद दंड, आणि लवकर पोचलात तर मिनिटाला पूर्ण साठ! म्हणून जगातल्या वेगवान गाड्या त्या ठिकाणाच्या पिवळ्या पाटीअलीकडे मुकाट उभ्या असतात आणि सहचालक घड्याळाकडे बघत बसतो. घाईला सहापट शिक्षा करणारा दुसरा खेळ माझ्या तरी माहितीत नाही.

आपल्या पुण्याचे संजय टकले मोटोक्रॉसच्या दुचाकीपासून सुरुवात करून पन्नाशी ओलांडल्यावर डाकार रॅलीपर्यंत पोचले. जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियाच्या वाळवंटात त्यांनी फ्रेंच सहचालकासोबत डाकार क्लासिक पूर्ण केली. त्या प्रकारात वेगाला महत्त्व नाही, नेमून दिलेली सरासरी गती राखण्याला आहे. तिथेही घड्याळ आणि वाट शेजारचा माणूसच सांभाळतो.

आता जी गोष्ट सत्कारात कोणी सांगत नाही, ती. २०१९ साली गिलला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, मोटारशर्यतीतला पहिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जोधपूरच्या रॅलीत, स्पर्धेसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली. गिलच्या गाडीची धडक बसून एकाच कुटुंबातल्या तिघांचा जीव गेला. विजेत्याच्या कारकिर्दीत हेही लिहावं लागतं.

रॅलीचा रस्ता एरवी गावाचाच असतो. तो बंद ठेवायला फाट्याफाट्यावर मार्शल उभे करतात. दिवसभर ऊन खायचं आणि गाडी डोळ्यांसमोरून क्षणात निघून जाणार, असं ते काम. स्पष्ट बोलतो, राग मानू नका: तुमच्यातले बहुतेक जण स्टिअरिंगवर नसतील. कोणी वही धरेल, कोणी घड्याळ, कोणी फाटा. उद्या विंध्यातल्या या तुमच्याच रस्त्यांवर रॅली आली आणि बंदोबस्त तुमच्याकडे आला, तर नकाशा उघडण्याआधी वस्तीवर जा आणि विचारा: इथून शेतात जायची पायवाट कुठून फुटते, आणि दुपारच्या वेळी तिथून कोण जातं?