शिवडीची दफनभूमी आणि आपली रुद्रभूमी
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात नांदगाव पेठ येथे दिलेले भाषण)



आनंदाच्या मेळाव्यात मरणाचा विषय काढतो आहोत, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. चिटणीसांनी विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा तेही क्षणभर स्तब्ध झाले. परंतु आपण लिंगायत मंडळी मृतास अग्नी देत नाही. हाती इष्टलिंग ठेवून, भस्म व बिल्वपत्रे वाहून, बसविलेल्या स्थितीत त्यास भूमीच्या स्वाधीन करतो. तेव्हा भूमीचा विचार आपण न करावा तर कोणी करावा?

गतवर्षी आम्ही मुंबईस परळला भाच्याकडे राहिलो असता एके सकाळी शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी पाहून आलो. तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. मूळ त्या जागी बाग होती. सन 1835 च्या सुमारास सरकारने शेतकी व बागाईतीच्या एका मंडळास वनस्पती-उद्यानाकरिता शिवडीस जमीन दिली होती. पुढे ते उद्यान भायखळ्याकडे गेले. 1862 साली तेथे उघडलेली बाग म्हणजेच आपली मुले प्राणी पाहण्यास जातात ती राणीची बाग. इकडे शिवडीची जागा 1865 साली मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी दफनभूमीकरिता घेतली. त्यापूर्वी गोऱ्या लोकांची प्रेते बॅकबेच्या किनाऱ्यालगत सोनापूर येथे पुरीत. शहर वाढले, वस्ती जवळ आली, आणि मृतांस दूर न्यावे लागले. दफनभूमीची व्यवस्था पाहणे हे नगराचे काम आहे, असे त्या काळच्या कारभाऱ्यांस वाटले, ही गोष्ट आम्हांस क्रॉफर्ड साहेबांच्या नावाच्या बाजाराहून मोठी वाटते.

तेथे कोण कोण निजले आहे पाहा. अमरावतीहून वा बडनेऱ्याहून गाडीत बसलेला वऱ्हाडी माणूस मुंबईस ज्या भव्य स्थानकात उतरून तोंडात बोट घालतो, त्या स्थानकाचे शिल्पकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स तेथे आहेत. स्थानक 1888 साली पूर्ण झाले. समोरची महानगरपालिकेची इमारतही त्यांचीच, 1893 ची. सन 1900 मध्ये हिवतापाने मुंबईतच त्यांचा अंत झाला. ज्या नगरसंस्थेस त्यांनी घर बांधून दिले, तिने घेतलेल्या भूमीत त्यांना अखेरची जागा मिळाली.

दुसरे जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा. जन्म 1864 चा, माझगावचा. मृत्यू 1930 चा. हे लोकमान्यांचे निष्ठावंत सहकारी. 1916 साली बेळगावी होमरूल लीग स्थापन झाली, तिचे अध्यक्ष बॅप्टिस्टा, आणि त्याच कार्यात आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. पुढे 1925 साली बॅप्टिस्टा मुंबईचे महापौर झाले. खापर्ड्यांचे नाव वऱ्हाडात पोरासोरांस ठाऊक आहे, बॅप्टिस्टांचे नाही. आम्ही इतकी वर्षे इतिहास शिकविला, परंतु त्यांच्याविषयी वर्गात चार वाक्यांपलीकडे बोललो नाही, हे कबूल केले पाहिजे.

इंग्रजी कवी डॉम मोराईस यांनाही 2004 साली तेथेच मूठमाती मिळाली. त्यांच्या इच्छेनुसार त्या मातीतील थोडी इंग्लंडातील ऑडकोम या खेड्यात नेऊन पुरली. मनुष्य मातीत मिसळतो हे आपण ऐकले होते. माती मनुष्याच्या नावाने प्रवास करते हे येथे कळले.

आम्हांस विशेष वाटले ते थडग्यांचे नव्हे, वहीचे. संगमरवर फुटतो, अक्षरे झिजतात, जागा अपुरी पडते म्हणून जुन्या कबरींत नवी प्रेते ठेवावी लागतात. परंतु दफनाची नोंदवही असते, आणि तीवरून शंभर वर्षांपूर्वीचा मनुष्य शोधता येतो. पुण्यानजीक खडकीस पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. हिंदुस्थानात ठिकठिकाणी पुरलेल्या ज्या सैनिकांच्या कबरी जतन करणे शक्य राहिले नाही, अशा 1,800 हून अधिकांची नावे तेथे कोरली आहेत. कबर गेली तरी नाव ठेवले.

आता घरची गोष्ट. आमची आजी लिंगैक्य झाली तेव्हा आम्ही दहा वर्षांचे होतो. तिच्यावर बेलाचे पान वाहिल्याचे स्पष्ट आठवते. समाधी निंबाच्या झाडापासून सात पावलांवर, ही खूण वडिलांनी सांगितली होती. निंब एका वादळात उन्मळून पडला. आज आम्ही तिघे भाऊ रुद्रभूमीत गेलो तर तीन दिशांस बोट दाखवितो, आणि तिघेही आपलेच खरे म्हणून भांडतो! दोष कोणास द्यावा? आम्हीच लिहून ठेवले नाही.

ग्रामपंचायतीकडे जन्ममृत्यूची नोंद असते. 1969 च्या कायद्याने ती आवश्यकच आहे. परंतु मृत्यू कोठे झाला हे त्या नोंदीत असते, देह कोठे ठेवला हे नसते. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने दहनभूमी-दफनभूमीची देखभाल पंचायतीच्या कामांत घातली आहे. तेव्हा जागेचा उतारा, हद्द आणि कुंपण यांविषयी पंचायतीकडे अर्ज करणे हे आपले काम. नावांची वही मात्र आपणच ठेवली पाहिजे.

एका वृद्ध आप्तांनी आम्हांस अडविले. म्हणाले, "मास्तर, जो शिवात मिळाला त्याला नाव कशाला? लिंगैक्य झालेल्याची खूण शोधणे हाच मोह." आक्षेप वजनदार आहे, आणि शास्त्रदृष्ट्या आमच्यापाशी त्यास उत्तर नाही. एवढेच म्हणतो की, वही मृतांकरिता नाही. गाडगेबाबांची समाधी अमरावतीस आहे, तुकडोजी महाराजांची मोझरीस. त्या लोक विसरणार नाहीत. विसर पडतो तो आमच्या आजीसारख्यांचा, जिने सहा लेकरे वाढविली आणि कोठेही सही केली नाही.

म्हणून एक वही आणली आहे. रकाने चार: नाव, लिंगैक्याची तिथी, नातलग आणि स्थळाची खूण. पहिल्या ओळीत आजीचे नाव लिहिले आहे. चौथा रकाना कोरा आहे. भोजनोत्तर वही दाराजवळच्या मेजावर असेल. ज्यांच्या घरी ऐंशी वर्षांवरील मंडळी आहेत त्यांनी ती घरी नेली तरी चालेल, मात्र पुढच्या अमावास्येच्या आत चिटणीसांकडे परत करावी.